परमुलखात वावरताना

परदेशी निघालेल्या प्रत्येक भारतीयाच्या खिशात नाशिकची एक वस्तू असते, आणि ही गोष्ट पुष्कळ नाशिककरांनाही माहीत नसते. देशाचे पासपोर्ट छापले जातात ते नाशिक रोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात. आपण त्याला नुसतं ‘प्रेस’ म्हणतो. जेल रोड, उपनगर, देवळाली गाव या भागात एके काळी घरातलं कुणीच प्रेसमध्ये नाही, असं कुटुंब शोधावं लागे. टपालाची तिकिटं लंडनहून छापून आणावी लागू नयेत म्हणून इंग्रजांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हे मुद्रणालय उभारलं. आता चिप बसवलेले ई-पासपोर्टही इथूनच देशभर जातात.

त्या निळ्या पुस्तिकेत आपण काय पाहतो? स्वतःचा फोटो पाहतो आणि नाराज होतो. मुदत कधी संपते ते पाहतो. एखादा हौशी माणूस शिक्के मोजतो. पण शेवटी बारीक अक्षरांत ज्या सूचना छापलेल्या असतात, त्या वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो आपल्याजवळ किंवा आपण अधिकार दिलेल्या माणसाजवळच असावा. परदेशात हरवला तर तिथल्या पोलिसांना आणि जवळच्या भारतीय वकिलातीला ताबडतोब कळवावं. परदेशात वास्तव्य करणाऱ्याने वकिलातीत नाव नोंदवावं. प्रवाशाच्या सुरक्षिततेवरचं हे देशातलं सर्वांत जास्त छापलं गेलेलं आणि सर्वांत कमी वाचलं गेलेलं लिखाण असावं. प्रस्तुत पुस्तक म्हणजे त्या चार-सहा ओळींचा विस्तारच आहे. म्हणून प्रस्तावना लिहायची विनंती आली तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

पूर्वी नाशिकहून विलायतेला जाणारा माणूस विरळा होता. भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ साली लंडनला गेले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली गेले. अशी नावं सहज आठवतात, कारण ती थोडीच आहेत. आता गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोड, कुठल्याही सोसायटीत चौकशी करा. कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलेले असतात, कुणाची मुलगी जर्मनीत शिकते. निफाड-दिंडोरीचा बागाईतदार द्राक्षांच्या निमित्ताने हॉलंड बघून आलेला असतो. आणि दिवाळीच्या सुटीत दुबई, सिंगापूर, थायलंड करून येणाऱ्या सहली तर आहेतच. एवढी माणसं जातात, तरी जाण्यापूर्वी त्यांना मिळणारा सल्ला ठरावीक असतो: पैसे सांभाळा, बॅग सोडू नका, कुणावर विश्वास ठेवू नका. म्हणजे सगळा भर चोरावर.

चोर असतात. पॅरिसच्या मेट्रोत, रोमच्या बसमध्ये, बार्सिलोनाच्या गर्दीत खिसे कापले जातात, आणि सहीसाठी कागद पुढे करणारी किंवा अंगावर काही सांडून ते पुसायला धावणारी माणसं नेहमीच्या टोळ्यांतली असतात. त्यांच्यापासून सावध राहायची विद्या आपल्याला जन्मजात येते. पंचवटीच्या गर्दीत आणि कसाऱ्याच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला पाकीट पुढच्या खिशात ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. माझं निरीक्षण वेगळं आहे. आपली माणसं परदेशात अडकतात ती बहुतेकदा चोरामुळे नाही, तर पिशवीतल्या खाऊमुळे, औषधांच्या डब्यामुळे, न वाचलेल्या फॉर्ममुळे, चुकीच्या बाजूला पाहून ओलांडलेल्या रस्त्यामुळे आणि नको तिथे केलेल्या जास्तीच्या बोलण्यामुळे. या पुस्तकाने भर दिला आहे तो याच गोष्टींवर.

खसखशीपासूनच सुरुवात करू. दिवाळीत लेकीला अनारसे द्यायचे, तर त्यांना खसखस लागणारच. करंजीच्या सारणात ती असते, डिंकाच्या लाडवातही असते. आपल्या स्वयंपाकघरात तिच्याइतका निरुपद्रवी जिन्नस दुसरा नसेल. पण ती अफूच्या बोंडातून निघते, आणि संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी आहे. सिंगापूरमध्येही ती आणता येत नाही. त्या देशांत अमली पदार्थांचे कायदे किती कडक आहेत हे आपण जाणतो, पण ते आपल्या फराळाच्या डब्याला लागू होतील असं मनात येत नाही. तेव्हा दुबईला जाणारे अनारसे साखरेत थापावेत, किंवा जाऊच नयेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांचीही अशीच गोष्ट आहे. खोबऱ्यात तेल भरपूर, म्हणून ते पेट घेऊ शकतं, आणि आपल्याच विमानतळांवर ते चेक-इन सामानातून बाहेर काढलं जातं. चिवडा मात्र बहुतेक ठिकाणी बिनघोर जातो. नाशिकच्या माणसाला हा दिलासा थोडाथोडका नाही.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांची भीती निराळी आहे. त्यांना अमली पदार्थांइतकीच किडीची आणि रोगांची काळजी असते. परसातला ताजा कढीपत्ता, हापूस आंबा, घरचं बियाणं, मातीने भरलेले बूट यांतून त्यांच्या शेतीवर संकट येऊ शकतं. लिंबूवर्गीय बागा खलास करणारा रोग कढीपत्त्यावरच्या कीटकाबरोबर प्रवास करतो, हे आपल्या संत्रा-मोसंबीच्या बागाईतदारांना सांगायला नको. विमानात जो फॉर्म हातात येतो किंवा आता मोबाइलवर भरावा लागतो, त्यात ‘खाद्यपदार्थ आहेत का’ असा सरळ प्रश्न असतो. आपली माणसं तिथे घाबरून ‘नाही’ लिहितात, आणि पुढच्या कटकटी तिथून सुरू होतात. ‘हो’ लिहिलं तर अधिकारी पिशवी उघडतो, चालणारं परत देतो, न चालणारं टाकून देतो, आणि दंड न करता पुढे जा म्हणतो. ‘नाही’ लिहून पिशवीत सफरचंद निघालं, तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी चारशे डॉलरचा दंड होतो. ऑस्ट्रेलियात तर दंड याहून मोठा होऊ शकतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. सफरचंद विमानातच दिलेलं होतं, ही सबब तिथे चालत नाही.

खरं तर हे नाशिक जिल्ह्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. २०१० साली युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश त्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर अडकून पडले. त्या रसायनाची तपासणी इथल्या यादीत नव्हती. बागाईतदारांनी नियम मोडला असंही म्हणता येत नव्हतं, कारण इथल्या नियमाप्रमाणे त्यांनी सगळं केलं होतं. पण ‘आमच्याकडे चालतं’ या वाक्याला त्या बंदरावर काही किंमत नव्हती. त्या एका हंगामाने जिल्ह्याला जे शिकवलं, ते पर्यटकाला लाडवाच्या डब्यापाशी आठवलं पाहिजे. नियम ज्याचा देश त्याचा. आपल्याला तो मूर्खपणाचा वाटला तरी त्याची चर्चा परत आल्यावर करावी.

औषधांचं प्रकरण या पुस्तकात सविस्तर आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत उपयोगाचं आहे. साठी ओलांडलेला प्रवासी म्हणजे साखरेची, रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी आलीच. जागा वाचावी म्हणून पट्ट्या कापून गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळच्या डबीत भरल्या जातात. मग विमानतळावर अधिकारी विचारतो, ही पांढरी गोळी कसली? डबीवर नाव नाही, जवळ डॉक्टरांची चिठ्ठी नाही, आणि ‘सोनार गल्लीतल्या डॉक्टरांनी दिली’ हे उत्तर इंग्रजीत करूनही उपयोग नाही. औषधं मूळ पट्टीत असावीत, त्यावरचं औषधाचं मूळ नाव वाचता यावं, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची छापील चिठ्ठी बरोबर असावी, आणि हे सगळं हातातल्या पिशवीत असावं. चेक-इन बॅग एखादे दिवशी मागे राहते. साखर त्या दिवशी थांबत नाही. शिवाय आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी काही औषधं इतरत्र नियंत्रित असतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामक गोळी, झोपेच्या काही गोळ्या अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. सर्दीच्या गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे जपानला चालत नाही. प्रवासापूर्वी ही चौकशी अर्ध्या तासात होते.

याला लागूनच विम्याचा विषय येतो. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, म्हणून युरोपला जाणारे तो काढतात. अमेरिकेच्या व्हिसाला तो सक्तीचा नाही, आणि नेमका तिथेच दवाखान्याचा खर्च माणसाला झोपवतो. मुलाच्या नोकरीचा विमा आईवडिलांना सहसा लागू होत नाही. आधीपासून असलेल्या आजारांचं काय, हे कलम विमा घेताना वाचावं. एजंट ते आपणहून वाचून दाखवत नाही.

दुसरा गोंधळ अमेरिकेच्या दहा वर्षांच्या व्हिसाचा. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. प्रत्येक वेळी किती दिवस राहायचं हे उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो, साधारणपणे सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. ती पाहायची आणि घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहायची. त्याच खिडकीवर ‘कशासाठी आलात?’ असा प्रश्न येतो. सुनेचं बाळंतपण आहे, नातवाला सांभाळायला आले, असं आपली आजी कौतुकाने सांगते. तिच्या दृष्टीने ते प्रेम आहे. समोरच्या अधिकाऱ्याला मात्र त्यात पर्यटक व्हिसावर केलेली दाईची नोकरी दिसू शकते, आणि मग पुढचे प्रश्न वाढतात. खोटं बोलायचं नाही, हे पहिलं. पण विचारलं तेवढंच, थोडक्यात सांगायचं. मुलाकडे आलो आहोत, नातू झाला आहे, अमुक तारखेला परत जाणार, हे परतीचं तिकीट. आपल्याकडे गप्पा वाढवणं हा सभ्यपणा आहे. त्या खिडकीवर तो सभ्यपणा नाही.

रस्त्याबद्दल दोनच वाक्यं लिहिणार होतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १९३१ मध्ये विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर मोटारीतून उतरून रस्ता ओलांडायला निघाले, जन्मभराच्या सवयीने भलत्या दिशेला पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या मोटारीखाली सापडले. थोडक्यात वाचले. त्यांची सवय तीच आपलीही, कारण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायची रीत आपण त्यांच्याकडूनच घेतली. सिंगापूर, थायलंड, जपान, ऑस्ट्रेलिया इथे ती सवय उपयोगी पडते. अमेरिका, युरोपचा बहुतेक भाग आणि दुबईत ती जीव घेऊ शकते. नातवाला बाबागाडीतून फिरवायला नेणाऱ्या आजोबांनी पहिला आठवडाभर दोन्हीकडे दोनदा पाहावं.

आता रीतभात. हा भाग लिहिताना लेखकाने थोडा हात आखडता घेतला आहे, बहुधा कुणी दुखावू नये म्हणून. मला तेवढं भान ठेवायचं कारण नाही. परदेशातल्या हॉटेलात सकाळी भारतीय सहल जेवणघरात शिरली की इतर पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या का पडतात, हे आपण प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं पाहिजे. आपण मोठ्याने बोलतो. एका टेबलावरून चौथ्या टेबलावर ‘काकू, इथे उपमा नाही!’ असं ओरडून सांगतो. नाश्ता तिथेच बसून खाण्यासाठी असतो, तरी दुपारची सोय म्हणून केळी आणि ब्रेड पर्समध्ये जातात. रांगेत आपल्या माणसासाठी जागा धरतो. जपानच्या रेल्वेत फोनवर बोलत नाहीत, कारण शेजारच्याचा कान हा त्याचा खाजगी असतो असं ते मानतात. आपण मात्र तिथे व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना डबा दाखवतो. सिंगापूरमध्ये तंबाखूची पुडी, गुटखा आणता येत नाही, च्युइंग गमची विक्री १९९२ पासून बंद आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात पान खाऊन थुंकू नका हे सांगणारे फलक इंग्रजीबरोबर गुजरातीतही लावावे लागले. मराठीत लावावे लागले नाहीत, यावर आपण फार फुशारून जाऊ नये. आपली मिश्री तिकडे कमी पोचली, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं परक्यांच्या बाजूने कसं दिसतं, ते समजायला नाशिककराला दूर जावं लागत नाही. रामकुंडावर सकाळी उभं राहावं. कुणी डोकं भादरून दहाव्याचे विधी करत असतो, कुणी वडिलांच्या अस्थी पाण्यात सोडत असतो, आणि त्याच वेळी दहा हातांवरून एखादा लांब भिंगाचा कॅमेरा त्याच्यावर रोखलेला असतो. कॅमेरेवाला वाईट माणूस नसतो. तो हजारो मैल आलेला असतो आणि त्याला तो प्रसंग अद्भुत वाटलेला असतो. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याचं त्या क्षणी काय होतं हे आपल्याला माहीत आहे. याउलट असेही परदेशी दिसतात की कॅमेरा पिशवीत ठेवून, चपला लांब काढून, मागे पायरीवर शांत बसतात. कुणी बोलावलं तर पुढे येतात. त्यांना आपले लोक चहा पाजतात, त्यांच्यासाठी रिक्षावाल्याशी भांडतात. या दोघांत अधिक सुरक्षित प्रवासी कोण? दुसराच. अनोळखी गावात अडचण आली की ज्याच्यासाठी चार माणसं धावतील तो सुरक्षित, आणि माणसं धावतात ती ज्याने त्यांचा मान ठेवला त्याच्यासाठी. रीतभातीचं प्रकरण वेगळं आणि सुरक्षिततेचं वेगळं, अशी या पुस्तकाची मांडणी सोयीसाठी केलेली आहे. वाचकाने ती दोन्ही एकच समजून वाचावीत.

तेव्हा व्हॅटिकनच्या चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, आत प्रार्थना चालू असेल तर मागेच थांबावं. थायलंडमध्ये बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये, मूर्तीला टेकून फोटो काढू नये, कुणाच्याही डोक्याला हात लावू नये. लाडाने लहान मुलाच्याही नाही. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. तिथे सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं, माणसं असतील तिथे उभी राहतात, आपणही राहावं. राजघराण्याबद्दल थट्टेनेसुद्धा बोलू नये. त्या गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे आणि तो कायदा पाहुण्यांनाही लागू आहे. आखाती देशांत बायकांचे फोटो न विचारता काढू नयेत आणि रमजानच्या दिवसांत चारचौघांत खातापिताना भान ठेवावं. पुरुषाने बाईपुढे आणि बाईने पुरुषापुढे हात करण्यापेक्षा नमस्कार करावा. तो कुठेही चुकत नाही. अमेरिकेत वेटरला बिलाच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी द्यावी लागते, कारण त्याचा पगारच त्या हिशेबाने ठरलेला असतो. जपानमध्ये बक्षिसी दिली तर तो बिचारा पैसे परत करायला तुमच्या मागे धावेल.

परक्या गावी येऊन तिथली रीत पाळणारा पाहुणा नाशिकला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पांडवलेण्यांतल्या एका लेण्यात कोरलं आहे की, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, याने हे लेणं आणि पाण्याची टाकी भिक्षुसंघाला दिली. ग्रीक वंशाचा हा माणूस अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी त्रिरश्मी डोंगरावर आला आणि इथल्या चालीने दान करून गेला. त्याच डोंगरातल्या दुसऱ्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपल्या कामांची यादी देतो: भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन, शूर्पारक इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले, तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचंच. प्रवाशाला निवारा आणि नदीपार जायची सोय हे राज्यकर्त्याने करायचं काम आहे, ही समज इथल्या दगडात आहे. लेखकाने हा उल्लेख केलेला नाही. पुढच्या आवृत्तीत करावा असं मी त्यांना सांगितलं आहे.

आजच्या काळात ते काम वकिलातीकडे आहे, आणि तिचा सर्वांत जास्त आधार लागतो तो पर्यटकाला नव्हे, पोटासाठी जाणाऱ्याला. या पुस्तकातलं आखाती देशांतल्या कामगारांवरचं प्रकरण सहलीला जाणारे वाचक सोडून देतील. त्यांनी सोडू नये, कारण त्यांच्या ओळखीतला एखादा तरुण आज ना उद्या कुणा एजंटाच्या नादी लागलेला असेल. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची अट असते, आणि ठरावीक देशांत कामाला जाण्यापूर्वी त्यांना सरकारी परवानगी घ्यावी लागते. ती जाच म्हणून ठेवलेली नाही. करार, पगार, विमा हे सगळं तपासलं जावं म्हणून ठेवली आहे. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर चला, कामाचा व्हिसा तिथे करून देतो’ असं म्हणणारा एजंट फसवतो आहे असं खुशाल धरून चालावं. एजंट परवानाधारक आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालय वारंवार इशारे देत आहे की संगणकाच्या चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून मुलांना थायलंडला नेतात आणि तिथून म्यानमारच्या हद्दीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबतात. मार्च २०२५ मध्ये सरकारने थायलंडमधल्या माए सोतहून लष्करी विमानांनी पाचशेहून अधिक भारतीय परत आणले. ही मुलं शिकलेली होती, इंग्रजी बोलणारी होती. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, हे तर नेहमीचं. पासपोर्ट सरकारची मालमत्ता आहे हे जे सुरुवातीला म्हटलं, त्याचं महत्त्व इथे कळतं. तो अडकवून ठेवायचा अधिकार कुठल्याही मालकाला नाही, आणि तक्रारीसाठी वकिलात आणि ‘मदद’ ही सरकारी सोय आहे.

विचारण्याची लाज न बाळगणं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण मला फाळक्यांचं वाटतं. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला उतरले तेव्हा त्यांची तिथे कुणाशी ओळख नव्हती. पिकॅडिलीत फिरताना त्यांना ‘बायस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते हिंदुस्थानात वाचत असत. सरळ आत जाऊन संपादक केबर्न यांना गाठलं आणि आपण चित्रपट काढायचं शिकायला आलो आहोत ते सांगितलं. केबर्ननी आधी नाउमेद केलं, मग हेपवर्थ यांच्या स्टुडिओची वाट दाखवली. कॅमेरा कोणता घ्यावा हेही फाळके अशाच जाणत्यांकडून समजून घेऊन परतले. त्यांनी रस्त्यावरच्या दलालाला विचारलं नाही, स्टेशनवरच्या सलगी करणाऱ्यालाही नाही. ज्याचं ते कामच आहे, त्याच्या कचेरीत जाऊन विचारलं. परदेशात रस्ता चुकलात, कार्ड अडकलं, टॅक्सीवाला जास्त पैसे मागतो आहे, तर हाच क्रम ठेवावा. दुकानाच्या आत जावं, हॉटेलच्या काउंटरवर जावं, गणवेशातल्या माणसाकडे जावं. आपणहून मदत करायला आलेल्याला आभार मानून पुढे जावं.

पोलिसाशी मात्र वाद नको आणि ‘काहीतरी बघून घ्या’ ही भाषा तर मुळीच नको. दंड शंभर डॉलरचा असेल तर तो भरून मोकळं होता येतं. लाच देऊ केल्याचा गुन्हा भरून मोकळं होता येत नाही. अमेरिकेत गाडी थांबवली गेली तर आपल्या सवयीने खाली उतरून त्याच्याकडे जाऊ नये. आत बसून राहावं, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि कागद काढण्यापूर्वी सांगावं.

पुस्तकाबद्दल एक तक्रारही नोंदवतो. सामानाच्या याद्या फार लांबल्या आहेत. किती मोजे घ्यावेत हे प्रौढ माणसाला सांगायची गरज नाही, आणि ती पानं कार्ड-मशीनच्या प्रश्नाला दिली असती तर बरं झालं असतं. मशीन विचारतं, रुपयांत पैसे घेऊ की स्थानिक चलनात? नेहमी स्थानिक चलन निवडावं, कारण रुपयांचा भाव मशीनवाला स्वतःला सोयीचा लावतो. मोबाइलवर सगळी भिस्त ठेवण्याविरुद्धही आणखी लिहायला हवं होतं. तिकीट, व्हिसा, हॉटेलचा पत्ता, मुलाचा नंबर सगळं एकाच यंत्रात, आणि ते यंत्र ट्रॅममध्ये राहिलं की सत्तर वर्षांच्या माणसाला मुलाचा नंबरही पाठ नसतो.

२०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. जगभरातून माणसं रामकुंडावर आणि त्र्यंबकला येतील. परदेशात वागायचे जे नियम या पुस्तकात आहेत, तेच उलट्या बाजूने आपल्याला इथे लागू होतील. त्यांच्यासोबत सेल्फीचा आग्रह धरू नये, रिक्षाचं भाडं चौपट सांगू नये, वाट विचारणाऱ्याला दुकानात नेऊन सोडू नये.

वाचकाला शेवटी एवढंच सांगायचं आहे. नियम बदलतात, शुल्कं बदलतात, आणि या पुस्तकातली काही माहिती ते तुमच्या हातात पडेपर्यंत जुनी झालेली असेल. पुस्तकातलं आणि त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरचं जुळलं नाही, तर संकेतस्थळावरचं खरं मानावं. निघण्यापूर्वी पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन-दोन झेरॉक्स काढाव्यात, एक सामानात आणि एक घरी. तिथल्या भारतीय वकिलातीचा आणीबाणीचा फोन आणि त्या देशाचा पोलिसांचा क्रमांक कागदावर पेनाने लिहावा. युरोपभर तो क्रमांक ११२ आहे, आपला आहे तोच. अमेरिकेत ९११.